बिनभोकाचा फोन आणि समोरची खुर्ची

सोमवार, ४ मार्च. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण माझ्या आयुष्यात घटना घडायला लागल्या आहेत आणि मोठी माणसं अशा वेळी लिहून ठेवतात.

घटना: ती माझ्याशी बोलली. स्वतःहून. कामाचं सोडून.

पुढेमागे मीच तपशील विसरेन, म्हणून लिहितो. आमचं ऑफिस म्हणजे रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं ठिकाण. कंपन्यांच्या मीटिंगा, डॉक्टरांचे रिपोर्ट, वकिलांची बडबड. लोक बोलून मोकळे होतात, आम्ही टाईप करतो. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन, पायाखाली पेडल. चवड्याने दाबलं की आवाज सुरू होतो, सोडलं की थांबतो, टाचेने दाबलं की मागे जातो. ती माझ्या समोर बसते. तिचा मॉनिटर आणि माझा मॉनिटर यांच्यात चार बोटांची फट आहे. त्या फटीतून मला तिचा डावा डोळा, अर्धं नाक आणि नशीब जोरावर असेल तर कानातला डूल दिसतो. माझ्या डोक्यावर एसीचं तोंड आहे आणि ते सगळं वारं माझ्याच मानेत ओततं. लोक म्हणतात वाईट जागा. लोकांना काय कळतंय.

तर ती हेडफोन गळ्यात घेऊन म्हणाली, नवीन फोन घेतला रे, पण याला हेडफोनचं भोकच नाही. तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? कुठला अडॅप्टर घेऊ सांग ना.

इलेक्ट्रॉनिक्सवाला! ऑफिसात आणखी कुणाला नाही विचारलं. मला.

घरचे म्हणतात मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. मी म्हणतो, मला लागेल तेवढं मी केलं. लॅबच्या सरांनी माझ्या सर्किटकडे बघून, हे सर्किट आहे की शेगडी, असं विचारलं. मी तिथल्या तिथे बॅग उचलली. स्वाभिमान म्हणून काही असतं. धूर येत होता हे खरं आहे, पण धूर यायलाही करंट नीट जावा लागतो.

तिला म्हणालो, काहीही घेऊ नकोस. बाजारात सगळा कचरा आहे. मी रिसर्च करून सांगतो. बुधवारपर्यंत.

संकल्प: बुधवारपर्यंत.

मंगळवार, ५ मार्च.

अडचण. माझ्या फोनला भोक आहे. ज्याला भूक नाही त्याने उपाशी माणसाला काय सांगायचं?

आतेभावाकडे तिच्यासारखाच बिनभोकाचा फोन आहे. त्याला म्हणालो, बदलतोस का? त्याने माझ्या फोनकडे बघितलं, स्वतःच्या फोनकडे बघितलं, आणि मी वाक्य संपवायच्या आत सिमकार्ड काढून हातात ठेवलं. फार लवकर हो म्हणाला. त्याच्या स्क्रीनला कोपऱ्यात तडा आहे हे घरी आल्यावर दिसलं.

ताई म्हणाली, अरे शहाण्या, चालता फोन देऊन हा मुका फोन आणलास? मी म्हणालो, रिसर्च आहे. ती म्हणाली, कोण आहे? मी म्हणालो, कोण म्हणजे? ती म्हणाली, जिच्यासाठी रिसर्च चाललाय ती.

ताटावरून उठलो. अपमान सहन करण्याची माझी एक मर्यादा आहे. थोड्या वेळाने परत बसलो, कारण त्या मर्यादेचा भुकेशी संबंध नाही.

बुधवार, ६ मार्च.

अडॅप्टर पहिला. बसस्टॉपजवळच्या टपरीवरून. इवलासा, पांढरा. पाकीट तिथेच फेकलं. पाकीट वाचतात ते लोक वेगळे, आपण वस्तू हातात घेतली की ओळखतो.

जेवणाच्या सुट्टीत जागेवरच चाचणी घेतली. अडॅप्टर लावला, हेडफोन लावला, विरहाचं एक गाणं लावलं. आवाज येईना. वाढवला. येईना. पूर्ण वाढवला. मग बघतो तर आमच्या मॅडम टेबलाशी उभ्या. मी हेडफोन काढले. गाणं फोनच्या स्पीकरमधून अख्ख्या मजल्याला ऐकू जात होतं. मॅडम म्हणाल्या, कोण गेलं रे तुझं?

ती फटीतून हसली. निदान डावा डोळा तरी हसला. आवाज गेला खड्ड्यात, प्रगती आहे.

संध्याकाळी टपरीवाल्याला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, काही फोनना चिपवाला अडॅप्टर लागतो, तुमच्याला बिनचिपचा नाही चालायचा. मी म्हणालो, चिप मला शिकवू नका, मी इलेक्ट्रॉनिक्सचा आहे. तो म्हणाला, मग घेताना बोलायचंत की. उलट बोलणाऱ्या माणसांनी धंदा करू नये.

तिला सांगितलं, बुधवार म्हणजे साधारण बुधवार.

शुक्रवार, ८ मार्च.

अडॅप्टर दुसरा. चिपवाला आणि दुतोंडी. एका तोंडात चार्जर, दुसऱ्यात हेडफोन. कल्पना भव्य आहे. चार्जर लावला की कानात भुंगा गुणगुणतो. काढला की भुंगा जातो, पण आवाज फक्त उजव्या कानात. दोन्ही कानांत हवा असेल तर वायर अंगठ्याने डावीकडे दाबून धरायची. मी बसमध्ये घरापर्यंत दाबून धरली. शेजारच्या बाईंनी विचारलं, हाताला काही झालंय का?

आज सुट्टीत तिने विचारलं, मग, कुठला घेऊ? मी म्हणालो, विषय खोल आहे. मग तिला मुळापासून समजावलं. फोनमधला आवाज म्हणजे आकडे, कानाला लागतात लहरी, आकड्यांच्या लहरी कोण करणार, चिप कुठे असते, कुठे नसते, नसली की काय होतं. तिचं सँडविच संपलं, चहा संपला, सुट्टी संपली. मी बोलत होतो तेव्हा तिचा पाय टेबलाखाली सारखा पेडल शोधत होता. सवय! माझं बोलणं टाचेने मागे नेऊन परत ऐकायचं असणार.

मला असं ऐकून घेणारं माणूस जन्मात भेटलं नव्हतं.

सोमवार, ११ मार्च.

तिने अडॅप्टर घेतला.

स्वतः. त्याच टपरीवरून. येता येता. चिप आहे का नाही विचारलं नाही, वायर वाकवून बघितली नाही, लहरींचा विचार केला नाही. टपरीवाल्याला फोन दाखवला, त्याने एक काढून दिला, तिने लावला, वाजला. दोन्ही कानांत.

मी पेन्सिल मोडली. ऑफिसची होती, असू दे.

तिला म्हणालो, मी रिसर्च करत होतो. ती म्हणाली, अरे हो, पण मला बसमध्ये ऐकायचं होतं ना, तुझ्या रिसर्चला पेन्शन लागेल तोवर.

शेजारचे आजोबा यावर हसले. आजोबा म्हणजे ऑफिसातले सर्वांत जुने टायपिस्ट. केस पांढरे, कान तिखट. दोन मजले खाली कुणी शिंकलं तर कोण ते सांगतात. त्यांनी हसायला नको होतं.

रागाच्या भरात ठरवलं, तिच्याशी आता फक्त कामापुरतं बोलायचं. दुपारी तिने अर्धी चिक्की फटीतून पुढे केली. निर्णय रद्द. विचार केला तर तिचं बरोबरच आहे. मला त्रास नको म्हणून बिचारीने स्वतः घेतला. इतकी काळजी कोण करतं?

मंगळवार, १२ मार्च.

संकट.

मॅडमनी जाहीर केलं की येत्या सोमवारी जागा बदलणार. ज्याला दुसरीकडे बसायचंय त्याने शुक्रवारपर्यंत सांगायचं. मात्र आमच्याकडे समोरासमोरच्या दोघांची जोडी असते, एकाने टाईप केलेलं दुसरा तपासतो. म्हणून जोडी सोडायची असेल तर समोरच्याने हो म्हणायला हवं. त्याशिवाय कुणालाच हलवणार नाही.

आता नीट विचार करू. मी जागा मागणार नाही. पण तिने मागितली तर? दाराजवळ तो नवीन आलाय, मी त्याला निळे कान म्हणतो. निळे, मोठे, वायर नसलेले हेडफोन स्वतःचे आणतो, चालू केले की लुकलुकतात. काल पाण्याच्या मशीनपाशी तिच्याशी बोलत होता. हातवारे करून! आणि ती म्हणे त्याच्याकडे काही चार्जर मागत होती. चार्जरपासूनच सुरुवात होते.

तिने जोडी सोडते म्हटलं आणि माझ्याकडे हो मागायला आली, तर मी नाही कसं म्हणणार? आजवर तिला मी कशालाच नाही म्हटलेलं नाही.

म्हणून: सोमवारच्या आत तिला सांगायचं. सगळं. स्पष्ट शब्दांत. पुरुषासारखं. उद्याच.

बुधवार, १३ मार्च.

पाण्याच्या मशीनपाशी गाठलं. तिने ग्लास भरला. मी म्हणालो, पाणी थंड आहे.

ती म्हणाली, हो, थंडचंच बटण दाबलंय.

एवढंच झालं. पण वातावरण होतं.

दुपारी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. समोरासमोर बोलायची ही जागाच नव्हे. ती ऐकणारी बाई आहे. दिवसभर लोक तिच्या कानात बोलतात. मग मी पण कानातच बोलायचं! आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. तिच्याकडे अडॅप्टर आहे, हेडफोन आहेत. माझा आवाज थेट तिच्या आत. आणि निमित्तही तयार: माइक टेस्ट. माझा रिसर्च अजून संपलेला नाही हे तिला माहीतच आहे.

त्यासाठी मला उत्तम अडॅप्टर हवा. हे काम दुतोंड्याचं नव्हे. प्रेमात भुंगा चालत नाही.

गुरुवार, १४ मार्च. दुपार.

अर्धी रजा टाकली. कारण लिहिलं: घरगुती.

अडॅप्टर तिसरा. मोठ्या दुकानातून, काचेच्या कपाटातून. विणलेली वायर, सोनेरी पिन. हातात घेतला तेव्हाच कळलं, हाच. विकणाऱ्याने विचारलं, नुसतं ऐकायला की बोलायला पण? मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला, दोन्हीला. तो म्हणाला, मग हा नको, हा नुसता ऐकायचा आहे, तो साधा काळा घ्या. मी मनात म्हणालो, वा! सोनेरी मागच्या गिऱ्हाइकाला ठेवायचा आणि काळा माझ्या गळ्यात मारायचा. असले डाव मी तीन गल्ल्या लांबून ओळखतो. सोनेरीच घेतला. त्याने खांदे उडवले. हरलेला माणूस खांदेच उडवणार.

घरी ताईने पाकीट उचललं आणि मोठ्याने वाचलं, फक्त ऐकण्यासाठी. मी म्हणालो, कंपन्या काहीही छापतात. ती म्हणाली, हो ना, त्यांना काय माहीत, त्यांनी फक्त बनवलाय.

ताईने लग्न करून या घरातून लवकर जावं अशी माझी इच्छा आहे.

गुरुवार, १४ मार्च. संध्याकाळ.

झालं! झालं! आधी लिहून घेतो.

गच्चीवर गेलो. वर वाळत घातलेल्या चादरींशिवाय कुणी नव्हतं. सोनेरी अडॅप्टर फोनला, फोन पँटच्या खिशात, हेडफोनच्या वायरवरचा छोटा माइक ओठांजवळ. हात मोकळे, कारण मी मनापासून बोलतो तेव्हा मला हात लागतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत बोललो. कागद नाही, तयारी नाही. एका दमात.

काय बोललो! वर्षभराचं सगळं. की ही खुर्ची माझ्यासाठी सिंहासन आहे. की सकाळी तुला बघितलं की अंगावर काटा येतो. की फटीतून दिसणाऱ्या डाव्या डोळ्यावर मी अख्खा दिवस काढतो. की जागा बदलल्या तर मी कोणाचं टायपिंग तपासू? की मला तू आवडतेस, फार आवडतेस, पहिल्या दिवसापासून, तू माझं टायपिंग तपासून चुका लाल केल्यास तेव्हापासून. की तू हो म्हणालीस तर मी कॉलेजसुद्धा पूर्ण करीन. इथे नाक वाहायला लागलं. एका चादरीला नाक पुसलं. शेजाऱ्यांची होती.

परत ऐकलं नाही. ऐकलं असतं तर धीर सुटला असता. तसंच पाठवलं. खाली लिहिलं: अडॅप्टर माइक टेस्ट. नीट ऐक. कसं ऐकू येतं ते मोकळेपणाने सांग.

तिने लगेच अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे ऐकते. किंवा ऐकलं. किंवा आवडलं. कुठल्याही बाजूने धरा, अंगठा वरच आहे.

खाली आलो. ताईला मिठी मारली. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

शुक्रवार, १५ मार्च.

लिहायचं होतं म्हणून लिहितो.

सकाळी लवकर पोचलो. नवीन शर्ट. एसीखाली बसलो. ती आली, हसली, हेडफोन लावले, अडॅप्टर फोनला लावला आणि टाईप करायला लागली. मी फटीतून बघतोय. डावा डोळा गंभीर. भुवई आक्रसलेली. फोनवर बोटाने मागे, पुन्हा टाईप. मागे, टाईप. पाय सवयीने पेडलवर.

मग तिने प्रिंट काढला.

मी तिला सांगितलं होतं, कसं ऐकू येतं ते सांग. टायपिस्ट माणूस कसं सांगणार? तिने ऐकू आलं तेवढं शब्दन्‌शब्द टाईप केलं होतं. आमच्या पद्धतीने, कंसांसकट. माझ्यासमोर कागद आहे, तसाच उतरवतो:

वक्ता एक, पुरुष. हॅलो. हॅलो. माइक टेस्ट. (किल्ल्यांचा आवाज) तुला एक सांगायचं होतं. (खरखर) वर्ष झालं मी या खुर्चीवर (किल्ल्या, बराच वेळ) सकाळी आलो की अंगावर काटा येतो. (खरखर) अख्खा दिवस काढतो. (किल्ल्या) सोमवारी जागा बदलणार त्याच्या आत (खरखर) मला (किल्ल्या) पहिल्या दिवसापासून (खरखर) तू हो म्हणालीस तर (नाक ओढल्याचा आवाज). समाप्त. शेरा: अडॅप्टरला माइक चालत नाही. आवाज फोनच्या माइकमधून, बहुधा खिशातून.

म्हणजे मी गच्चीवर ज्या माइकशी बोलत होतो तो नुसता मणी होता. ऐकत होता तो खिसा. घराच्या, कपाटाच्या आणि सायकलच्या किल्ल्यांसकट.

इथवर ठीक होतं. पण आमच्या ऑफिसात एक रिवाज आहे. वाक्य लागलं नाही, म्हणजे ऐकून कळलं नाही, तर ते तसंच सोडत नाहीत, हेडफोन शेजाऱ्याला देतात. त्याला नाही लागलं तर पुढच्याला. तिने ते इमानदारीत केलं. मी पाणी प्यायला गेलो होतो तेवढ्यात. परत येतो तर हेडफोन मॅडमच्या डोक्यावर. मग निळ्या कानांच्या डोक्यावर, त्याने त्यासाठी स्वतःचे काढले होते. मग आजोबा. आजोबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवले.

मला कळलंच नाही पळावं की बसावं. बसलो.

मॅडम म्हणाल्या, अरे, याला जागा बदलून हवीय! निळे कान म्हणाले, एवढ्या एसीखाली कोण बसेल, रडतोय बिचारा. मॅडम म्हणाल्या, वर्षभर सोसलंस, तोंडाने सांगायला काय झालं होतं? माइक टेस्टच्या नावाखाली कशाला?

ती माझ्याकडे वळली. हेडफोन गळ्यात, दोन्ही डोळे पहिल्यांदाच एकदम दिसले. म्हणाली, मधलं मला खरंच नाही लागलं. तूच सांग ना, काय म्हणायचं होतं?

सगळ्यांनी हेडफोन काढलेले. याच्याहून चांगली संधी कुणाला मिळते? माइक नको, अडॅप्टर नको, वायर नको. तोंड, आणि समोर ती.

मी तोंड उघडलं. वरून एसीचा झोत आला. मी शिंकलो. चार वेळा.

मॅडम म्हणाल्या, बघा, एसीच ना?

मी म्हणालो, हो.

मग त्या तिला म्हणाल्या, जोडी तुझी आहे, तुझी हरकत नाही ना? आणि ती, किती मनापासून, किती गोड, म्हणाली, छे, माझी कसली हरकत! हो म्हणते मी. आधी बोलला असतास तर आधीच म्हणाले असते रे.

सोमवार, १८ मार्च.

नवी जागा कपाटाशेजारी. उबदार. समोर भिंत असेल असं वाटलं होतं, पण आजोबा आहेत. त्यांची जोडी मोडून मला दिलीय. फट सहा बोटांची आहे. उपयोग नाही.

निळे कान माझ्या खुर्चीवर. मफलर घालून आला. मोठी तयारी.

दुपारी आजोबांनी टेबलावर टकटक केली. म्हणाले, शेवटचं वाक्य मला लागलं होतं. मधलंही बरंचसं.

मी डबा बाजूला सारला. म्हणालो, मग तेव्हा बोलला का नाहीत?

म्हणाले, टायपिस्टने वक्त्याची वाक्यं आपल्या तोंडाने म्हणायची नसतात. तुला विचारलं होतं तिने. चांगलं समोर बसवून विचारलं होतं.

आणि हेडफोन लावून पेडल दाबलं. यापुढे काही ऐकणार नाही असा अर्थ.

मी रागावलो नाही. नोंद करण्यासारखी गोष्ट आहे, मी रागावलो नाही. शांतपणे बसून विचार केला आणि वस्तुस्थिती मला वाटली तितकी वाईट नाही. तिने हो म्हटलंय. सगळ्यांसमोर, स्वच्छ आवाजात, मॅडम साक्षीला आहेत.

आता फक्त कशाला, तेवढं तिला सांगायचं राहिलंय.